बोटीचं डिझेल इंजिन उशिरा पकडतं आणि लगेच बंद पडतं: दोष कुठे शोधायचा

सेल्फ मारला की इंजिन दोन-तीनदा खोकतं, पांढरा धूर सोडतं, कसंबसं पकडतं आणि अर्ध्या मिनिटात गप्प होतं. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा फ्युएल पंपाकडे (नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप) जातो आणि पैसे तिथेच वाया जातात. तीन सिलिंडरच्या तिन्ही नोझल एका रात्रीत खराब होत नाहीत. पंप झिजायला वर्षं लागतात आणि तो झिजतोय याची चाहूल बरीच आधी लागते. काल नीट चालणारं इंजिन आज चालू होऊन बंद पडत असेल, तर घोळ बहुतेक वेळा टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) यांच्या मधल्या भागात असतो: एखाद्या सुकलेल्या नळीत, दबलेल्या वायसरमध्ये, गाळाने भरलेल्या फिल्टरमध्ये.

इथे लिहिलेलं सगळं मेकॅनिकल पंपाच्या इंजिनासाठी आहे. कॉमन रेल इंजिनात लाइनचा दाब हजार बारच्या वर जातो, त्यामुळे त्याच्या हाय प्रेशर लाइनचा नट ढिला करून एअर (लाइनमध्ये शिरलेली हवा) काढायचा विचारही करू नका. त्याला कंपनीची पद्धत आणि स्कॅनर लागतो. साध्या इंजिनातही नोझलमधून सुटणारी धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

सेल्फ मारत बसण्याआधी

बोटीत एक धोका असा आहे की जो ट्रकच्या मेकॅनिकला माहीत नसतो. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडणारी रचना असेल, तर इंजिन न पकडता नुसतं फिरत राहिलं तरी इंपेलर (पाण्याच्या पंपाची चक्री) पाणी ओढतच राहतो. ते पाणी बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो. मग सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे वळून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीन वेळा सेल्फ मारूनही इंजिन पकडलं नाही तर सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक) बंद करा आणि इंजिनाने पकडताच उघडा. विसरू नये म्हणून सी-कॉक बंद असेपर्यंत इंजिनाची चावी कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवणारे लोक आहेत. सेल्फ मारायची वेळ आली की चावी घ्यायला तिथे जावंच लागतं. सवय चांगली आहे.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये किमान एक मिनिट त्याला थंड होऊ द्या. ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारा प्लग) किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही. तो वेळेआधी पेट घेतो आणि पिस्टन, रिंग, कधी मॅनिफोल्डसुद्धा घेऊन जातो.

केव्हा बंद पडतं ते आधी लिहून काढा

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं यात घाला, कारण अर्धं निदान वेळेतच असतं.

सकाळी पटकन पकडतं, तीस-चाळीस सेकंद छान चालतं आणि मग मरतं: रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरलेलं आहे आणि पंप-फिल्टरमध्ये उरलं तेवढ्यावर इंजिन चाललं. कुठून तरी एअर घेतंय किंवा फीड पंपाचा व्हॉल्व्ह डिझेल धरत नाही.

रिकामं चालतं, पण लोडवर दहा-वीस मिनिटांनी रेस पडते, गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) कमी केला की सावरतं: चोक-अप, म्हणजे डिझेलची वाट तुंबलीय. फिल्टर, टाकीतली नळी किंवा कॉक.

दोन-तीन तास चालून बंद पडतं, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही असं पुन्हा चालू होतं: टाकीचा श्वास अडलाय. बंद पडल्याबरोबर डिझेल भरायचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर निदान तिथेच झालं. व्हेंटच्या जाळीत मीठ, रंग किंवा एखाद्या किड्याचं मातीचं घर सापडेल.

फक्त लाटांमध्ये बंद पडतं: तळाचा गाळ आणि पाणी ढवळलं जातंय.

टाकी भरलेली असली की ठीक, अर्ध्याखाली गेली की त्रास: हे फसवं आहे. टाकीत उतरणाऱ्या सक्शन नळीला मध्येच चीर गेलेली असते. डिझेल चिरेच्या वर आहे तोवर काही कळत नाही, पातळी खाली गेली की नळी डिझेलसोबत हवा पिते.

गिअर टाकताच बंद पडतं, न्यूट्रलला व्यवस्थित: आधी पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) दोर किंवा जाळं अडकलंय का पाहा. मगच आयडलिंगचा स्क्रू.

कॅनची चाचणी

लाइन मधून कापा म्हणजे दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात ताजं डिझेल आणि फीड पंपाच्या इनलेटला बसेल अशी दीड-दोन मीटर डिझेलची नळी घ्या, पारदर्शक मिळाली तर उत्तमच. टाकीकडून येणारी लाइन फीड पंपापाशी काढा, तिचं तोंड बंद करा आणि कॅनची नळी लावा. रिटर्नची नळीही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) तात्पुरती कॅनमध्ये सोडा, पण सक्शनच्या तोंडापासून दूर, नाहीतर रिटर्नचे बुडबुडे पुन्हा ओढले जातील.

पहिल्यांदा कॅन इंजिनापेक्षा उंच ठेवा. एअर काढा, चालू करा आणि पंधरा-वीस मिनिटं चालवा. इंजिन सुरळीत चाललं तर नोझल, फ्युएल पंप आणि कॉम्प्रेशन यांच्यावरचा संशय निम्म्याहून जास्त उतरला.

पण इथे थांबू नका. उंच ठेवलेल्या कॅनमधून डिझेल आपोआप खाली येतं, त्यामुळे दुबळा फीड पंपही उघडा पडत नाही. म्हणून दुसऱ्यांदा कॅन टाकीच्या तळाच्या उंचीवर, म्हणजे खाली ठेवून चालवा. वर चाललं आणि खाली बंद पडलं तर फीड पंप ओढत नाही. दोन्हीकडे चाललं तर दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाइनमध्ये. दोन्हीकडे बंद पडलं तर फीड पंपाच्या पुढे शोधायचं: दुसरा फिल्टर (इंजिनावरचा बारीक), स्टॉपची म्हणजे इंजिन बंद करायची यंत्रणा, फ्युएल पंप, नोझल, नाहीतर एक्झॉस्ट.

एअर कुठून घेतंय

टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर टाकी ते फीड पंप हा सगळा भाग ओढीखाली असतो. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. ‘कुठेच ओलं नाही म्हणजे लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो.

ओढ उलटी करून दाबात बदला. आउटबोर्डला असतो तसा रबरी बल्ब टाकीच्या कॉकनंतर लाइनमध्ये बसवा, बाण इंजिनाच्या दिशेने. प्रत्येक जोडावर, क्लॅम्पवर, फिल्टरच्या झाकणावर, पाणी सोडायच्या कॉकवर टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा आणि बल्ब कडक होईपर्यंत दाबा. दहा मिनिटांनी पट्ट्या पाहा. एखाद्या पट्टीवर मसुराच्या दाण्याएवढा डाग उमटलेला दिसेल. डिझेलचा एवढा पाझरही पुरेसा असतो, कारण हवा डिझेलपेक्षा कितीतरी पातळ आणि त्याच फटीतून कितीतरी जास्त जाते.

डाग बहुतेक या जागी सापडतात: पहिल्या (टाकीकडच्या, पाणी वेगळं करणाऱ्या) फिल्टरच्या वरच्या झाकणाची आणि टी-हँडलची ओ-रिंग (फिल्टर बदलताना छोटी ओ-रिंग बदलायची राहते), वाटीच्या तळाचा ड्रेन, बॅन्जो बोल्टचे (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर आणि क्लॅम्पखाली कडक होऊन तडकलेलं नळीचं तोंड. तांब्याचा वायसर एकदा दबला की कडक होतो. नवा घाला. नसेलच तर जुना लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका आणि घासून वापरा. क्लॅम्प आणखी आवळण्यापेक्षा नळीचा दोन सेंटिमीटर तुकडा कापून नव्या तोंडावर बसवणं केव्हाही बरं. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे धागे सुटून थेट पंपात जातात.

फिल्टर, पाणी आणि टाकी

पहिल्या फिल्टरच्या वाटीतून अर्धा लिटर काचेच्या बरणीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. खाली पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मध्ये काळसर, शेवाळासारखा पापुद्रा दिसला तर टाकीत जंतू झालेत. ते डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर वाढतात, म्हणून पाणी गेलं की त्यांचा आधार जातो. इथे नजर फसू शकते. वाटी पूर्ण पाण्याने भरली असेल तर सीमारेषाच दिसत नाही आणि ते स्वच्छ डिझेल वाटतं. बरणीत थोडं खात्रीचं डिझेल ओता. ते मिसळलं तर डिझेल, वर तरंगलं तर पाणी.

जंतुनाशक औषध टाकल्यावर मेलेला गाळ सुटतो आणि पुढच्या काही तासांत फिल्टर एकामागून एक भरतात. औषध टाकून लगेच लांबच्या फेरीला निघू नका, आणि किमान तीन-चार फिल्टर जवळ ठेवा.

पहिला फिल्टर साधारण १० ते ३० मायक्रॉनचा, इंजिनावरचा त्याहून बारीक. पहिल्यात उगाच २ मायक्रॉनचा घातला तर सगळा गाळ तिथेच अडून ओढ वाढते. पहिल्या फिल्टर आणि फीड पंपाच्या मध्ये एक व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं मीटर) बसवलं तर पुष्कळ डोकेफोड वाचते. नवा फिल्टर घातल्यावर पूर्ण रेसला काटा कुठे असतो ते लिहून ठेवा, सहसा एक-दोन इंच पाऱ्याच्या आसपास. पाच-सातच्या पुढे सरकला की फिल्टर संपत आला. नवा फिल्टर घालूनही काटा वरच असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला. इंजिन डिझेलविना तडफडतंय आणि काटा मात्र शून्याला चिकटलेला, तर तो चोक-अप नाही, हवा आहे.

टाकीतली सक्शन नळी एकदा तरी बाहेर काढून पाहा. पुष्कळ टाक्यांमध्ये नळीच्या टोकाला बारीक जाळी असते आणि मालकाला तिचा पत्ताच नसतो. पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर लावलेला असेल तर ही जाळी काढून टाका. जाळी नसली तरी गाळाचा गोळा नळीच्या तोंडाशी बसतो, इंजिन बंद झालं की सुटून खाली पडतो आणि पुन्हा चालू केल्यावर परत येऊन बसतो. ‘बंद पडतं आणि आपोआप बरं होतं’ याचं हे दुसरं कारण. नळीत उलटी हवा फुंकून तात्पुरतं काम भागतं, पण आधी पहिला फिल्टर लाइनमधून सोडवा, नाहीतर त्याची वाटी फुटेल.

एअर काढणं

क्रम टाकीकडून नोझलकडे. मधला टप्पा सोडून पुढे गेलात की पुन्हा पहिल्यापासून.

पहिला फिल्टर स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरा आणि झाकण लावा. इंजिनावरचा बारीक फिल्टर मात्र कॅनमधून ओतून भरू नका, कारण त्याच्या पुढे गाळणारं काही नसतं. तो हँड पंपानेच भरायचा.

फीड पंपाचा लिव्हर दाबा. तो मोकळा, जोर न लागता हलत असेल तर कॅम वर आलाय. फ्लायव्हील एक पूर्ण फेरा फिरवा, लिव्हरला जोर लागेल. इलेक्ट्रिक पंप असेल तर नुसती चावी चालू करा आणि कान द्या: हवा असताना टकटक भराभर होते, डिझेल भरलं की संथ आणि जड होते.

इंजिनावरच्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू दोन फेरे ढिला करा आणि फेस, मग बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार येईपर्यंत पंप मारा. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तेच फ्युएल पंपाच्या ब्लीड स्क्रूवर. पंपाच्या डोक्यावरचा कुठलाही स्क्रू अंदाजाने सोडू नका, त्यातला एखादा सेटिंगचा असतो आणि तो फिरला तर पंप बेंचवर न्यावा लागतो.

आता नोझलकडच्या पाइपांचे नट, बहुतेक १७ नंबरचा पाना, अर्धा ते एक फेरा ढिले. गॅस पूर्ण, स्टॉपची दांडी चालू स्थितीत, आणि सेल्फ. नटाखालून डिझेल ठिबकत नाही, ठोके दिल्यासारखं उसळतं. ते बुडबुड्यांशिवाय उसळलं की आवळा. एखादा नट राहिला असतानाच इंजिन पकडू शकतं, तेव्हा बाही आणि फडकं पट्ट्यापासून लांब ठेवा, आणि पकडताच गॅस खाली घ्या.

एअर नीट काढलेली असूनही दुसऱ्या दिवशी तीच रड, तर एअर काढणं हा उपाय नव्हता. फट अजून तिथेच आहे.

फीड पंप आणि स्टॉप

फीड पंपाची आउटलेट नळी बरणीत सोडून सेल्फ मारा. जाड, नियमित ठोके आले पाहिजेत. ठोके पातळ असतील तर डायफ्राम किंवा व्हॉल्व्ह गेला. त्याचबरोबर डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास डिझेलचा, तर डायफ्राम फाटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. असं इंजिन चालवू नका: बेअरिंगला पातळ ऑइल पुरत नाही आणि जास्तीचं ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर इंजिन बेलगाम रेस घेतं, स्टॉपला जुमानत नाही.

स्टॉपची केबल गंजली की दांडी अर्ध्यातच राहते आणि डिझेल अर्धंच जातं. केबल काढून दांडी हाताने हलवून पाहा. केबलऐवजी सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्टॉप) असेल तर चावी लावताच ‘टक’ आवाज यायला हवा. करंट असेपर्यंतच डिझेल उघडं ठेवणारा सोलेनॉइड सैल वायरीमुळे चालत्या इंजिनात सुटतो. अचानक, न अडखळता, स्विच काढल्यासारखं इंजिन बंद पडलं तर आधी ही वायर. डिझेल संपल्याने मरणारं इंजिन आधी रेस वरखाली करतं.

सेल्फ जोरात फिरतोय का

डिझेल स्वतःहून पेटायला दाबलेली हवा तापावी लागते आणि ती तापायला इंजिन भराभर फिरावं लागतं. हळू फिरलं तर दाब रिंगमधून निसटतो, उष्णता भिंतीत जाते. धूर पांढरा येतो, इंजिन पकडत नाही.

भरलेली, विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या वर असते. सेल्फ मारताना मीटर बॅटरीच्या खांबांवर धरा. १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी किंवा सेल्फ. बॅटरी १०.५ दाखवते तरी सेल्फ रडतोय, तर वायरी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या जाड टर्मिनलवर, आणि सेल्फ मारा: ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वायरीत गंज आहे. तसंच मायनस ते इंजिन ब्लॉक: ०.३ च्या आत. बोटीत बहुधा मायनसचाच लग हिरवा झालेला असतो.

ग्लो प्लग वायर काढून ओहमवर मोजा. सहसा एका ओहमच्या आसपास येतं, काहीच आलं नाही तर तो मेला. पॅनलवरचा दिवा लागणं म्हणजे प्लग तापणं नव्हे, दिव्याची वायर वेगळी असते.

हवा, धूर आणि एक्झॉस्ट

इंजिन रूमचं झाकण उघडल्याबरोबर इंजिन सुधारलं तर त्याला हवा कमी पडतेय. जुन्या फोमच्या एअर फिल्टरचा भुगा होऊन तो मॅनिफोल्डमध्ये गेलेला आढळतो.

सेल्फ मारताना धूरच नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा: डिझेल पोचतं, पेटत नाही. पांढरा पण वास नसलेला, विरून जाणारा: वाफ, गरम झाल्यावरही थांबली नाही तर हेड गॅस्केट. निळा: ऑइल. काळा: लोड जास्त किंवा हवा कमी.

काळा धूर आणि पूर्ण रेस मिळत नाही, तर मिक्सिंग एल्बो उघडा. पाणी आणि धूर जिथे एकत्र येतात तिथे कार्बन साचून ५० मिलीमीटरच्या भोकातून करंगळीच जाईल एवढंच उरतं. हवा आत येण्याचा मार्ग आणि एक्झॉस्ट दोन्ही मोकळे नसतील तर इंजिन उशिरा पकडतं आणि लोडवर गुदमरतं. बाकी सगळं बरोबर असूनही त्रास असेल तर बऱ्याचदा हाच भाग राहिलेला असतो.

एकच सिलिंडर संशयास्पद वाटला तर इंजिन आयडलला ठेवून नोझलचे नट एकेक करून ढिले करा, धार तोंडाकडे येणार नाही असं फडकं धरून. ज्याने आवाज बदलला नाही तो सिलिंडर काम करत नाही. त्याची नोझल दुसऱ्याशी बदला. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल बेंचवर द्या, जागेवर राहिला तर टॅपेटचं अंतर आणि कॉम्प्रेशन. चांगल्या छोट्या इंजिनात ते २८ ते ३५ बार असतं. २० च्या खाली थंड इंजिन पकडणं अवघड, आणि सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उतरवावं लागेल.

दुरुस्ती झाली की बोट दोराने पक्की बांधून, गिअर टाकून अर्धा तास लोडवर चालवा आणि व्हॅक्यूमचा काटा पाहत राहा. मग बंद करून रात्रभर हात लावू नका. सकाळी, एअर न काढता, पहिल्या सेल्फला पकडून दहा मिनिटं एकाच सुरात चाललं की हत्यारं डब्यात ठेवा.